धुरकऱ्याचे नाव

महाभारताच्या वनपर्वात जे नलोपाख्यान आहे त्यात विदर्भाच्या दिशेने धावणारा एक रथ आहे, आणि आमच्या या प्रांताच्या स्मृतीत धावेचे मोठे वर्णन शोधू लागलो की मन प्रथम त्या रथापाशीच थांबते. दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्या सूर्योदयी व्हायचे आहे असा निरोप अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला मिळतो. अयोध्या कोठे आणि विदर्भातले कुंडिनपूर कोठे. तरी त्याच्या पदरी असलेला बाहुक नावाचा विरूप सेवक, एका दिवसात तुम्हांला तेथे पोचवीन, असे वचन देऊन अश्वशाळेत जातो. हा बाहुक म्हणजे द्यूतात राज्य गमावून, रूप पालटून आणि स्वतःचे नाव झाकून चाकरी करणारा नल. तो जे घोडे निवडतो ते दिसायला कृश असतात, म्हणून राजा रागावतो. पण बाहुक त्यांच्या अंगावरचे भोवरे आणि त्यांचे कूळ पाहून त्यांनाच रथाला जुंपतो. मग रथ असा सुटतो की, वाटेत राजाचे उत्तरीय गळून पडते आणि ते उचलण्यासाठी थांब असे तो म्हणतो, तोवर ते एक योजन मागे राहिलेले असते. संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरतो तेव्हा त्याचा मेघासारखा गंभीर घोष दमयंतीच्या कानी पडतो, आणि तिच्या मनात येते की, हा रथ नलावाचून दुसऱ्या कोणी हाकलेला असणे शक्य नाही.

परंपरेने कुंडिनपूर म्हणून जे स्थळ दाखविले जाते ते अमरावती जिल्ह्यातले, वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर होय, आणि नदी ओलांडली की आर्वीचा मुलूख लागतो. ज्या गवळाऊ बैलांविषयी मला पुढे लिहावयाचे आहे त्यांचे माहेरघर हेच. पुराणकथेचा नकाशा आणि गुरांचा नकाशा असे एकमेकांवर पडावेत याला मी योगायोगापेक्षा अधिक महत्त्व देत नाही. परंतु त्या कथेत जनावराचे कूळ पाहणारा डोळा आणि हाकणाऱ्याचे झाकलेले नाव या ज्या दोन गोष्टी आहेत, त्याच दोन गोष्टी शर्यतीच्या इतिहासात पुन्हापुन्हा भेटतात. त्या एकदा सातासमुद्रांपलीकडच्या एका मैदानावर पाहाव्या आणि मग आपल्या मातीवर पाहाव्या, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ते मैदान अमेरिकेतल्या केंटकी प्रांतातील लुईव्हिल शहरी आहे. मेरिवेदर लुइस क्लार्क नावाचा तेथील एक गृहस्थ १८७२ साली युरोपात गेला, इंग्लंडात १७८० पासून चालत आलेली एप्समची डर्बी त्याने पाहिली, आणि परत येऊन आपल्या गावीही तशीच एक शर्यत भरविण्याचे त्याने मनावर घेतले. १७ मे १८७५ रोजी ती प्रथम धावली. एप्समची धाव हिरवळीवर होते, केंटकीची उघड्या मातीवर; आणि दोन्हींचा नियम एकच की, घोडा तीन वर्षांचाच असला पाहिजे. एक वर्ष आधी त्याची हाडे कच्ची असतात आणि एक वर्ष उलटले की त्याचा हक्क जातो. म्हणजे कोणत्याही घोड्याला ही शर्यत आयुष्यात एकदाच मिळते, आणि त्या दोन-अडीच मिनिटांत त्याच्या कुळाची परीक्षा होऊन जाते. आरंभी अंतर दीड मैलाचे होते. १८९६ पासून ते सव्वा मैलावर आले. या अंतरात १९७३ साली सेक्रेटेरियट नावाच्या घोड्याने दोन मिनिटांहूनही कमी अवधी घेतला, आणि तो विक्रम अद्याप मोडलेला नाही.

पहिल्या वर्षी पंधरा घोडे होते आणि अ‍ॅरिस्टायडीज नावाचा घोडा जिंकला. त्याच्यावर ऑलिव्हर लुइस नावाचा तरुण कृष्णवर्णीय स्वार होता. घोडा तयार केला होता अ‍ॅन्सेल विल्यमसन याने, जो गुलाम म्हणून जन्मला होता. आणि त्या दिवशी रिंगणात उतरलेल्या पंधरा स्वारांपैकी तेरा कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी अवघी दहा वर्षे झाली होती. दक्षिणेतल्या जमीनदारांच्या तबेल्यांत घोड्याची निगा, घोड्याचे शिक्षण आणि घोड्यावरची मांड ही सारी विद्या ज्यांच्या हाती होती, त्यांनीच या शर्यतीला तिची पहिली पंचवीस वर्षे दिली. आयझॅक मर्फीने ती तीन वेळा जिंकली. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. पण पुढे पैसा वाढला, प्रतिष्ठा वाढली, वर्णद्वेषाचा विळखा घट्ट झाला, आणि ज्यांनी ही विद्या घडविली त्यांनाच मैदानाबाहेर काढण्यात आले. १९२१ नंतर २००० सालापर्यंत त्या शर्यतीत एकही कृष्णवर्णीय स्वार दिसला नाही. घोड्याचे नाव राहिले, मालकाचे राहिले, आणि स्वाराचे नाव लोकांच्या तोंडून गेले.

तथापि ते कागदावरून गेले नाही. कोणत्या वर्षी कोणता घोडा, त्याचा बाप कोण, आई कोण, वर स्वार कोण, किती अवकाशात धाव संपली, हे सारे तेथे पहिल्या दिवसापासून लिहिले गेले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापून ठेवण्यास आरंभ झाला. आज जगभर धावणाऱ्या या शुद्धवंशी घोड्यांची पितृपरंपरा पश्चिम आशियातून इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत नेऊन भिडविता येते, ती या वह्यांच्या बळावर. त्याच लेखनशिस्तीमुळे पुढच्या पिढ्यांना ऑलिव्हर लुइसला पुन्हा शोधून काढता आले, आणि विल्यमसनला १९९८ साली अमेरिकेच्या शर्यतविद्येच्या सन्मानपटावर स्थान मिळाले. अन्याय झाला होता, पण तो सिद्ध करण्यास दप्तर होते.

आपल्याकडे डर्बी म्हटली की मुंबईचे महालक्ष्मी मैदान डोळ्यांपुढे येते. ते १८८३ साली तयार झाले, आणि तेथे १९४३ पासून भारतीय डर्बी धावते. ती हिरवळीवरची आहे, आणि तिच्यात चार वर्षांचे घोडे उतरतात. तिचा इतिहास मुंबई-पुण्याच्या लेखकांनी लिहावा हेच योग्य. नागपूरकराच्या डोळ्यांपुढे शर्यत या शब्दाने जे चित्र उभे राहते त्यात हिरवळ नसते. त्यात धानाची किंवा कपाशीची कापणी-वेचणी होऊन मोकळे पडलेले शेत असते, नांगरून, ढेकळे फोडून, पाणी मारून आणि दाबून तयार केलेली मातीची लांब पट्टी असते, तिच्या दोहों बाजूंस दाटलेली माणसे असतात, आणि तिच्यावरून येणारी बैलांची जोडी असते. हा आमचा शंकरपट.

या शब्दाचा मला फार मोह आहे. मराठीत पट म्हणजे पसरलेले वस्त्र, आणि त्यावरून खेळाची मांडणी. सारीपट आणि बुद्धिबळाचा पट हे शब्द त्यातूनच आले. येथे शेत हेच वस्त्र, आणि खेळणारा शंकराचा नंदी. म्हणून गावकरी या खेळाला केवळ शर्यत न म्हणता पट म्हणतात आणि त्याच्या आरंभी शंकराचे नाव जोडतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरू लागतात, तेव्हापासून माघ-फाल्गुनापर्यंत, म्हणजे पिके घरी आल्यापासून पुढच्या मशागतीला आरंभ होईपर्यंतचा जो मोकळा काळ असतो, त्यात नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, आणि पश्चिमेकडे वर्धा, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांत ठिकठिकाणी पट भरतात. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून एकदम सोडतात. काही ठिकाणी एकेक जोडी सोडून तिची वेळ घड्याळावर धरतात. छकडा अगदी हलका, नुसता सांगाडा म्हणावा असा. त्याच्यावर एकच माणूस. सुटण्यापूर्वीचा क्षणभराचा सन्नाटा, झेंडी पडताच उठलेली आरोळी, आणि धुरळा खाली बसण्याच्या आत संपून गेलेली धाव. अंतर इतके थोडे की निकाल सेकंदांत आणि सेकंदाच्या अंशांत बोलायचा.

लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी पहिला पट पाहिला, तेव्हा मला धाव दिसलीच नाही. समोरून काहीतरी पांढरे गेले आणि लोक ओरडले, एवढेच स्मरते. पण धावेनंतरचे सारे अद्याप लख्ख आठवते. बैल परत आणले, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांतल्या एकाचा ओठ अंगठ्याने वर केला, दात पाहिले, मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरविला, पाठीवरच्या भोवऱ्यापाशी बोट थांबविले, आणि मालकाला एकच प्रश्न केला, "कोनत्या गाईचा?" ऋतुपर्णाच्या अश्वशाळेतला बाहुक मी पुढे कित्येक वर्षांनी वाचला, पण त्याला मी त्या दिवशीच पाहिले होते.

केंटकीत जसा तीन वर्षांचा नियम, तसा आमच्याकडे दातांचा हिशेब. गोऱ्ह्याचे दुधाचे दात असेपर्यंत तो अदात. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दोन दात पडून कायमचे आले म्हणजे दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि साडेचार-पाच वर्षांनी सारे दात भरले की तो जुळला. जन्माची तारीख लिहून ठेवण्याची जेथे चाल नव्हती तेथे जनावराच्या तोंडातच त्याचा जन्मदाखला होता, आणि बैलबाजारात काय किंवा पटावर काय, कोणी कितीही शपथा घेतल्या तरी तोच ग्राह्य धरला जाई. दोन दाती आणि चार दाती यांच्या मध्ये गोऱ्हा जुवाला शिकतो. त्याच वयात जाणत्याला कळते की याच्या अंगी नुसते बळ आहे की धावही आहे. म्हणजे तीन वर्षांच्या घोड्याविषयी जे अनुमान लुईव्हिलच्या मैदानावर होते, तेच अनुमान येथे शेताच्या बांधावर, ढेप आणि कुटार खाणाऱ्या गोऱ्ह्याविषयी होते.

आता या बैलाच्या पूर्वेतिहासाकडे वळू. गवळाऊ ही जात वर्धा जिल्ह्यातील आर्वी, कारंजा, आष्टी, नागपूर जिल्ह्याचा लगतचा भाग, आणि सातपुड्याकडचे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या टापूंत मूळची वाढली. गवळी लोकांनी डोंगरातल्या चराईवर तिची जोपासना केली, आणि त्यांच्यावरूनच तिला नाव पडले. रंगाने पांढरी, नराच्या मानेवर व वशिंडावर करडी झाक, लांबोडे अरुंद तोंड, आखूड शिंगे, अंगकाठी उंच पण सडपातळ. खोल काळ्या जमिनीत जड नांगर ओढण्यास याहून थोराड बैल सापडतील. पण जू मानेवर घेऊन दुडक्या चालीने कोसचे कोस जाणारा बैल पाहिजे असेल तर तो हाच, अशी त्याची ख्याती. आणि ही चाल त्याला कोणी दिली, याविषयी पशुशास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवलेली परंपरा अशी आहे की, मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ मुलखातून सामान जलद हलविण्यासाठी अशा बैलांची गरज होती, आणि त्या गरजेतून ही जात निवडून निवडून घडविली गेली.

नागपूरच्या इतिहासात ही गरज केवढी होती हे पाहिले म्हणजे ती परंपरा पटते. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दशकभर बंगालवर जात राहिल्या. त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४४ साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भेटीस बोलावून दग्याने मारविले, तरी मोहिमा थांबल्या नाहीत, आणि १७५१ च्या तहाने ओरिसाचा मुलूख भोसल्यांच्या अंमलाखाली आला व बंगालची बारा लाखांची चौथ ठरली. नागपुराहून कटक ही वाट छत्तीसगडच्या जंगलातून, नद्या-नाले ओलांडीत जाणारी. बंगालच्या लोकांनी या स्वारांची एवढी धास्ती घेतली की बारगीर या आपल्या साध्या फौजी शब्दाचे तिकडे 'बर्गी' झाले आणि तो त्यांच्या अंगाई गीतांत जाऊन बसला. परंतु स्वार घोड्यावरून गेला तरी त्याची राहुटी, त्याचे धान्य, तोफेची दारू आणि खजिना हे घोड्यावरून जात नसे. ते बैलांवरून आणि बैलगाड्यांतून जाई, आणि बुणगे मागे पडले म्हणजे फौज उपाशी पडे. स्वाराच्या पराक्रमाचे पोवाडे झाले. त्याच्या मागून धावत गेलेल्या बैलाचा पोवाडा कोणी रचला नाही.

बारगीर आणि शिलेदार हा भेद येथे सांगितला पाहिजे, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई; बारगिराला घोडा पागेतून मिळे, हत्यार सरकारातून मिळे, आणि त्याच्या अंगची विद्या एवढेच त्याचे स्वतःचे असे. घोडा मेला तर शिलेदाराचे नुकसान होई. बारगीर मेला तर पागेतला घोडा दुसऱ्याला दिला जाई.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर जी लढाई झाली तिने भोसल्यांच्या फौजेचे स्वतंत्र अस्तित्व संपविले, आणि तिसऱ्या रघूजींच्या १८५३ सालच्या मृत्यूनंतर डलहौसीने राज्यच खालसा केले. फौज गेली, पागा मोडल्या. पण जलद बैलाचे काम तेव्हाही संपले नाही. वऱ्हाड-नागपूरचा कापूस सातपुडा ओलांडून जबलपूरमार्गे गंगेकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई तो बैलांच्या पाठीवरून. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन फिरत ते बैलांच्याच बळावर. आणि अधिकाऱ्यांची डाक, वकिलांचे अशील, सासरी निघालेली लेक ही सारी बैलजोडीच्या चालीवर आपला दिवस मोजीत. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरात येऊन थांबली, आणि एका पिढीच्या आत या लांबच्या वाटा ओस पडल्या. बैल शेतात राहिला. धाव मात्र निरुपयोगी झाली. नांगराला, वखराला, डवऱ्याला बैलाची धाव लागत नाही. लागते ती ओढ.

पटाचे महत्त्व माझ्या मते येथून सुरू होते. खेळ जुना असेल, फार जुना असेल. पण ज्या गुणाची फौजेला गरज उरली नाही, बाजाराला उरली नाही, शेताला तर नव्हतीच, तो गुण ज्याच्या अंगी आहे असा गोऱ्हा दुप्पट किंमत देऊन घ्यावा, त्याला घरच्या लेकरासारखे खाऊ घालावे, आणि ज्या गाईने तो दिला तिला कसायाच्या दारी जाऊ देऊ नये, असे शेतकऱ्याला वाटावयास लावणारी एकच संस्था या मुलखात उरली, आणि ती म्हणजे पट. केंटकीतल्या श्रीमंतांनी जे काम छापील वंशावळींनी आणि लाखो डॉलरांच्या बक्षिसांनी केले, ते आमच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून, आणि पुष्कळदा केवळ गावात मान मिळावा म्हणून केले.

त्या मानाचे स्वरूप काळाप्रमाणे बदलले. मध्यप्रांतात इंग्रजी अंमलात मालगुजारी पद्धत होती; गावाची जमाबंदी मालगुजाराच्या हाती, तसा पटाचा मानही स्वाभाविकच त्याच्या वाड्याकडे जाई. १९५१ साली मालगुजाऱ्या गेल्या, आणि पट गावाच्या समित्यांकडे आले. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला तर कृषक सुधार मंडळ या शेतकऱ्यांच्याच संस्थेने तो चालविला, आणि अलीकडे तेथे स्त्रियाही छकड्यावर उभ्या राहून जोडी हाकतात. नागपूर शहरात, जेथे आता बैल दिसणे दुर्मिळ, तेथेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल दोरीने ओढीत दारोदार जातात. ही चाल परंपरा भोसल्यांच्या वाड्याकडे नेऊन पोचविते. ज्या शहराची मुले चाकांवरचा बैल घेऊन मिरवितात, त्या शहराला पट परका वाटण्याचे कारण नाही.

आणि पट म्हणजे नुसती धाव नव्हेच. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात पटाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणा असतो; लेकी-जावई येतात, सोयरिकी जमतात, आणि रात्री नाटक असते. झाडीपट्टीची जी रंगभूमी आज महाराष्ट्रभर कौतुकाचा विषय झाली आहे, जिचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तिचा हंगाम आणि पटांचा हंगाम एकच. दंडारीतून वाढत आलेली ही नाटके मंडईच्या आणि पटाच्या गर्दीवर पोसली. दिवसा जोडी पाहायची, रात्री मांडवात बसून पहाटेपर्यंत नाटक पाहायचे, आणि सकाळी बैल जुंपून आपल्या गावची वाट धरायची, असा हा क्रम. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्यांना जो प्रेक्षक मिळतो तो आधी बैलांसाठी घराबाहेर पडलेला असतो, हे त्या रंगभूमीच्या अभ्यासकांनी विसरू नये.

येथवर चांगले ते सांगितले. वाईट आहे तेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पराणीची आर टोचणे, शेपटी पिरगळणे, ती दाताने चावणे, चाबकाने पाठ फोडणे, हे प्रकार पटांवर होत असत, आणि ज्याने ते पाहिले आहेत त्याने ते नाकारणे हा खोटेपणा होईल. बैलाला धाव आवडते की नाही या वादात मी पडत नाही. त्याला मार आवडत नाही एवढे निश्चित. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० सालीच झाला होता. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांना खेळ करण्यास लावू नये त्यांच्या यादीत बैल घातला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, आणि तिच्यात बैलगाडा शर्यत व छकडी यांच्या जोडीने शंकरपट हा शब्द घातला. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द असा कायद्याच्या पोथीत शिरला. तरीही उच्च न्यायालयाच्या अटकावामुळे पट सुरू झाले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि बैलाला पीडा देणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा लिहिलेली आहे. ही शिक्षा योग्य आहे, आणि तिचा अंमल पटसमित्यांनी स्वतः होऊन करावा, सरकारी माणसाची वाट पाहू नये, असे मी आग्रहाने म्हणतो. कारण पराणीवाचून जी जोडी धावते तीच खरी पटाची जोडी, आणि असल्या जोडीला हाकण्यातच धुरकऱ्याची विद्या आहे.

धुरकरी! या लेखाला त्याचे नाव दिले आणि त्याच्याकडे यावयास इतका वेळ लागला; पण इतिहासातही त्याचे असेच झाले आहे. पटाच्या पत्रिकेवर जोडीच्या मालकाचे नाव असते, गावाचे असते, बैलांचीही नावे लोकांच्या तोंडी असतात. छकड्यावर तोल सावरून उभा राहणारा, दोन बैलांच्या दोन स्वभावांना एका धावेत बसविणारा, कोणता बैल आत घ्यावा आणि कोणता बाहेर, हाक कोठे द्यावी आणि कासरा कोठे सैल सोडावा हे जाणणारा, आणि छकडा उलटला तर हातपाय मोडून घेणारा हा मनुष्य पुष्कळदा जोडीचा मालक नसतो. तो एका हंगामात अनेकांच्या जोड्या हाकतो. तो पटाचा बारगीर आहे. पटशौकिनांना तो ठाऊक असतो, दमयंतीला जसा रथाच्या घोषावरून सारथी कळला तसा त्यांना आरोळीवरून आणि सुटण्याच्या ढबीवरून धुरकरी कळतो. परंतु ते शौकीन म्हातारे होतात आणि एक दिवस निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर ते नावही जाते.

बैलाच्या कुळाचेही तसेच, किंबहुना अधिक कठीण. लुईव्हिलला जिंकलेला घोडा पुढे पैदाशीसाठी राखतात. त्याची संतती हीच त्याची कीर्ती. आमचा जो गोऱ्हा खच्ची करून जुवाखाली घातला, त्याने पुढे कितीही पट मारले तरी त्याचा वंश त्याच्यापुरता संपतो. त्याचे रक्त उरते ते त्याच्या आईत, तिच्या दुसऱ्या वासरांत, आणि ज्या वळूपासून तो झाला त्याच्या इतर संततीत. म्हणून त्या म्हाताऱ्याचा "कोनत्या गाईचा?" हा प्रश्न कौतुकाचा नव्हता, शास्त्राचा होता, आणि त्याचे उत्तर लिहिलेले नसेल, तर जिंकलेली जोडी म्हणजे विझून गेलेला दिवा होय. शेतात आता ट्रॅक्टर आला आहे, गोठ्यात संकरित गाय आली आहे. गवळाऊची शुद्ध जनावरे आर्वी-कारंजाच्या गवळ्यांकडे आणि हेटीकुंडीच्या सरकारी पैदास केंद्रासारख्या ठिकाणी राखली जात आहेत, तेवढ्यावर या जातीचा भार आहे. बंदीच्या काळात पुष्कळांनी पटाचे बैल विकून टाकले, आणि विकलेल्या बैलांबरोबर त्यांच्या कुळाची आठवणही विकली गेली.

म्हणून पटसमित्यांना माझी विनंती अगदी साधी आहे. यंदाच्या पटाला एक जाड वही घ्या. जोडी पट्टीवर येण्यापूर्वी तिच्यात बैलांची नावे, त्यांचे दात, ते कोणत्या गावच्या कोणत्या गाईचे आणि कोणत्या वळूचे, हे मालकाला विचारून लिहा. घड्याळात जी वेळ पडेल ती लिहा. छकड्यावर जो उभा असेल त्याचे पूर्ण नाव त्याच्या बापाच्या आणि गावाच्या नावासह लिहा, आणि त्याच्यापुढे त्याची सही किंवा अंगठा घ्या. नाटकाचा मांडव उठण्याच्या आत वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात जमा करा, आणि पुढच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडा.